सातबारा माझा, आरक्षण त्यांचं: पुण्यातल्या जागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस-बावीस वर्षांच्या वकिलीत माझा बराचसा वेळ महापालिका भवनाच्या जिन्यांवर गेला. लोक फाइल घेऊन येतात आणि प्रश्न तेच असतात, फक्त पेठ बदलते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. तुमच्या प्रकरणात एखादी तारीख किंवा नोंद वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघेल, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

सातबाऱ्यावर माझं नाव आहे. मग तिथं काय बांधायचं हे महापालिका कोण ठरवणार?

आधी एक गैरसमज काढून टाका. सातबारा ही महसुली नोंद आहे. मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांवरून सिद्ध होते. पण मालकी कितीही पक्की असली तरी जमीन कशासाठी वापरायची हा वेगळा विषय आहे, आणि तो 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्याने ठरतो. कचेरीत सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. या कायद्याखाली शहराचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, तयार होतो. त्यात तुमचा पट्टा निवासी, शेती, व्यापारी की औद्योगिक हे ठरतं आणि शाळा, बाग, रस्ता, दवाखाना यांची आरक्षणं पडतात, म्हणजे जागा त्या कामासाठी राखून ठेवली जाते.

महापालिकेला हे अधिकार कुठून आले? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घटनेत बारावी अनुसूची आली. तिच्यातला पहिलाच विषय नगररचना आणि दुसरा जमीन-वापर व बांधकामाचं नियमन. वाचायला छान वाटतं. पण अनुच्छेद २४३ डब्ल्यू नीट वाचला तर दिसतं की राज्य विधिमंडळ हे अधिकार देऊ 'शकतं', द्यायलाच हवेत असं नाही. त्यामुळे आराखडा महापालिका करते आणि अंतिम सही मुंबईत होते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचं काय झालं आठवतं ना? २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. वीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली दहा वर्षं तो तयार होण्यातच गेली.

मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिला नाही म्हणतात. मग सरकार काहीही करू शकतं का?

नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला हे खरं. पण त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३०० अ आणला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. हा घटनात्मक हक्क आहे.

मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या एका ओळीत दडलेल्या सात गोष्टी सुट्या करून सांगितल्या. नोटीस मिळाली पाहिजे, म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, निर्णय कारणांसह हवा, हेतू खरोखर सार्वजनिक हवा, भरपाई रास्त हवी, काम वेळेत आणि कार्यक्षमतेनं व्हावं आणि प्रक्रिया शेवटापर्यंत पूर्ण झाली पाहिजे. माझ्या अनुभवात शेवटच्या दोन गोष्टी पुणेकरांना सर्वांत जास्त लागतात. इथं कोणी जमीन हिसकावून नेत नाही. नकाशावर हिरवा चौकोन काढतात आणि तीस वर्षं विसरून जातात.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या म्हाडा कायद्यावरून सुरू झालेल्या प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असंही सांगितलं.

माझ्या जागेवर आरक्षण आहे का, हे कसं पाहायचं?

आधी तुमची जागा कोणत्या आराखड्यात येते ते पाहा. पुण्यात एकच आराखडा नाही. जुन्या हद्दीचा २०१७ चा वेगळा, १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या तेवीस गावांचा वेगळा. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस. हद्दीबाहेर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. 'तेवीस गावं' म्हणताना कोणती तेवीस, हे विचारल्याशिवाय मी कुणाशी पुढं बोलत नाही.

मग बांधकाम विकास विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि मोजणीचा नकाशा जोडा. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या रंगीत झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका. भाग नकाशावरची रेघ जाडीलाच जमिनीवर दोन-तीन मीटर भरते आणि दीड गुंठ्याच्या प्लॉटला दोन मीटर म्हणजे जिना गेला समजा.

प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा जाहीर झालाय. हरकत कशी घ्यायची?

राजपत्रातल्या सूचनेपासून तीस दिवस. मोजायला लागा, कारण वर्तमानपत्रात बातमी वाचेपर्यंत त्यातले चार-पाच गेलेले असतात.

हरकत लेखी द्यायची, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेऊन यायचं. ही पोच म्हणजे तुमचा हक्क. पुण्यात आराखड्यावर बोलणारे कट्ट्याकट्ट्यावर भेटतात, पोच असलेले फार थोडे. कोर्टात पहिला प्रश्न 'तेव्हा हरकत घेतली होती का?' हाच येतो.

मजकूर कसा लिहायचा? 'हे आरक्षण अन्यायकारक आहे, रद्द करावे' एवढंच लिहिलेल्या हरकती मी ढिगाने पाहिल्या आहेत. त्यांचा काही उपयोग होत नाही. सर्व्हे नंबर लिहा, आरक्षणाचा क्रमांक लिहा आणि मग ठोस कारण द्या: इथं २००९ पासून भोगवटा पत्र मिळालेली इमारत उभी आहे, नकाशात मोकळी जागा दाखवली आहे, किंवा प्रस्तावित रस्ता ओढ्यातून जातो, किंवा अडीचशे मीटरवर याच कामासाठी महापालिकेच्या मालकीची जागा पडून आहे. पर्याय सुचवणारी हरकत जास्त टिकते. फोटो जोडा. आणि शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे' हे वाक्य न विसरता लिहा.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत तज्ज्ञ असतात. फार वेळ मिळेल अशी आशा ठेवू नका. जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. दर माणशी किती मिनिटं येतात याचा हिशेब तुम्हीच करा. मी एका सोसायटीसाठी उभा होतो, सोबत चेअरमन. त्यांनी १९६१ च्या पानशेतच्या पुरापासून सुरुवात केली. ते धरणाच्या भिंतीपर्यंत पोचले आणि आमची वेळ संपली. पुराचा मुद्दा महत्त्वाचाच होता, पण आमची हरकत जिन्याला लागून गेलेल्या रस्त्याची होती.

आणि ढीगभर हरकती वाया जातात असंही नाही. पीएमआरडीएने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या प्रारूप आराखड्यावर हजारोंनी हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला.

माझ्या जागेवर तीस वर्षांपासून खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. महापालिका घेतही नाही, सोडतही नाही. काय करू?

एमआरटीपीचं कलम १२७. हे पाठच करून ठेवा.

अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस पोचल्यापासून चोवीस महिन्यांत महापालिकेने जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. कायद्याची भाषा आहे, अर्थ एवढाच की संपतं. मग शेजारच्या जागेवर जो वापर चालतो तो तुमच्या जागेवरही चालतो. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये बारा झाली आणि २०१५ मध्ये चोवीस. ती मालकाच्या बाजूने कधी कमी झालेली मी पाहिली नाही.

पावलं म्हणजे काय, यावरच सगळी भांडणं होतात. २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर प्रस्ताव पाठवणं हे पाऊल नव्हे. भूसंपादनाची खरी, कायदेशीर सुरुवात व्हायला हवी.

आता आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. माझ्या काकांची पर्वतीच्या बाजूला थोडी जागा आहे. १९८७ च्या आराखड्यात तिच्यावर आरक्षण पडलं. १९९७ मध्ये दहा वर्षं झाली, कुणाला पत्ता नाही. २०१४ मध्ये काकांनी एका फुलस्केप कागदावर निळ्या शाईत नोटीस लिहिली आणि स्वतः जाऊन दिली. सुंदर अक्षर, दोन्ही बाजूंना समास सोडलेला. खरेदीखताची प्रत मात्र जोडली नाही. सात महिन्यांनी उत्तर आलं: मालकी हक्काची कागदपत्रं जोडलेली नसल्यामुळे नोटीस विचारात घेता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. काका माझ्याकडे आले. मी म्हटलं, दिवाळीनंतर नीट नोटीस काढू. ती दिवाळी गेली, पुढची गेली. खरेदीखत तुळशीबागेतल्या जुन्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत होतं, आणि ट्रंकेची किल्ली चुलतभावाकडे. जानेवारी २०१७ मध्ये नवा आराखडा मंजूर झाला, त्यात तेच आरक्षण कायम, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. सुधारित आराखडा येण्याआधी नीट नोटीस दिली नसेल, तर दहा वर्षं नव्याने मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. काका आता एकोणऐंशीचे आहेत. चूक माझी होती आणि ते अजून एका शब्दाने बोललेले नाहीत.

म्हणून जुन्या हद्दीतल्या लोकांना निक्षून सांगतो: २०१७ च्या आराखड्याची दहा वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. त्या आराखड्याचा काही भाग सरकारने नंतर मंजूर केला, त्यामुळे आपल्या आरक्षणाची अधिसूचना काढून तारीख पाहा. खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, वारसांची संमती हे सगळं आतापासून एका फायलीत लावा. नोटीस एक दिवस आधी दिली तरी ती अकाली ठरते.

जागा दिली तर मिळतं काय?

कलम १२६ खाली तीन वाटा आहेत: वाटाघाटीने रोख, रोखीऐवजी टीडीआर किंवा एफएसआय (म्हणजे उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा), किंवा २०१३ च्या कायद्याने भूसंपादन. भूसंपादनात शहरी भागात बाजारभाव आणि तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट. महापालिकेला अर्थातच टीडीआर द्यायला आवडतं, कारण तिजोरीतून पैसा जात नाही. टीडीआर म्हणजे तुमच्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क कागदावर, जो तुम्ही बिल्डरला विकता. त्याचा भाव बाजार ठरवतो, तेव्हा प्रमाणपत्र हातात पडेल त्या दिवशीचा भाव तुमचा.

भूसंपादनाच्या इतिहासात पुण्याचं नाव कायमचं कोरलेलं आहे. पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद सोलंकी या २०१४ च्या निकालाने, भरपाई नुसती सरकारी खजिन्यात जमा करणं म्हणजे ती दिली असं होत नाही, हे ठरलं आणि देशभरची जुनी संपादनं कोसळली. २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. अजूनही लोक पहिल्याचं कात्रण घेऊन येतात. दुसरं कुणी आणत नाही.

आमची वडिलोपार्जित जमीन टेकडीवर आहे. बीडीपी म्हणजे काय आणि आम्ही काय पाप केलंय?

बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यान. १९९७ मध्ये आलेल्या तेवीस गावांमधल्या टेकड्यांवर, जवळपास पावणेदहाशे हेक्टरांवर, हे आरक्षण आहे. २०१५ मध्ये सरकारने मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर ठरवला. मालक म्हणतात ही चेष्टा आहे. सपाटीवरच्या बागेच्या आरक्षणाला दाट वस्तीबाहेर जागेच्या दुपटीच्या आसपास टीडीआर मिळतो आणि आम्हाला शंभराला आठ. टेकड्या वाचवू पाहणारे म्हणतात, एक ते पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम तसंही नियमात बसत नाही, मग नसलेल्या हक्काचा मोबदला किती द्यायचा?

माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच हे कुजत पडलंय. टेकड्या वाचल्याच पाहिजेत. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. घटनेच्या अनुच्छेद ४८ अ मध्ये पर्यावरण राखणं हे राज्याचं कर्तव्य आहे, ५१ अ मध्ये नागरिकाचंही. पण सगळ्या शहराला हवा पाहिजे आणि तिची किंमत पाच-पन्नास कुटुंबांनी भरायची, हे अनुच्छेद १४ मधल्या समानतेत मला तरी बसत नाही. आणि मोबदला मिळेपर्यंत उतारावर रात्रीतून पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात, तेव्हा टेकडीही जाते आणि मालकही जातो. तुमच्यापुरतं सांगायचं तर कलम १२७ इथंही तपासा आणि 'होईल रेग्युलर' म्हणणाऱ्याला गुंठे विकू नका.

वनजमीन असेल तर विषयच वेगळा. कोंढवा बुद्रुकमधली १९९८ मध्ये वाटलेली राखीव वनजमीन १५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा वाटप ठरवून वन विभागाकडे परत दिली.

आमचा वाडा शनिवारवाड्याजवळ आहे. पडायला आलाय. नवा बांधता येईल?

शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा २०१० मध्ये दुरुस्त झाला, तेव्हापासून स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे. पुढचे दोनशे मीटर नियंत्रित. शंभराच्या आत दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगीने करता येतं, पाडून नवीन नाही. पुढच्या दोनशेत परवानगी घेऊन बांधता येतं, उंचीची बंधनं येतात. पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेसच्या आजूबाजूलाही हेच. महापालिकेकडे कितीही खेटे घाला, हे तिच्या हातात नाही. हा केंद्राचा कायदा आहे.

अंतर दोरीने मोजू नका, अधिकृत मोजणी घ्या. अठ्ठ्याण्णव आणि एकशे दोन यांत एका पिढीचा फरक आहे. आणि वाडा धोकादायक ठरवून खाली केलात तर भाडेकरूंचा हक्क त्याने संपत नाही, आत कोण किती चौरस फुटांत राहत होतं याची नोंद दोघांनीही लेखी करून घ्या.

दारावर नोटीस चिकटवली आहे. उद्या पाडतील का?

१३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूने उभा आहे. त्यानुसार कारणे दाखवा नोटीस पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून, दोन्ही प्रकारे द्यायची. उत्तराला किमान पंधरा दिवस, किंवा स्थानिक कायद्यात जास्त असतील तर तेवढे. मग प्रत्यक्ष सुनावणी. आदेशात कारणं हवीत, आणि पाडणं हाच एक उपाय का उरला हेही. आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस, अपिलासाठी किंवा स्वतः काढून घेण्यासाठी. पाडताना व्हिडिओ चित्रण. हे पाळलं नाही तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल होऊ शकते.

पण रस्ता, पदपथ, रेल्वेलगत किंवा नदी-ओढ्यात बांधलं असेल, किंवा कोर्टाचाच पाडण्याचा आदेश असेल, तर हे संरक्षण नाही. उगाच छाती पुढं काढू नका.

नोटीस एमआरटीपीच्या कलम ५३ खालची असेल तर बांधकाम राखण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. नियमात बसत असेल तर हाच खरा मार्ग. आमच्याकडे लोक आधी ओळखीच्या माणसाला फोन करतात आणि पंधराव्या दिवशी वकिलाला.

आणि फुटपाथवर राहणाऱ्यांनाही घटना आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला. मात्र त्याच निकालात पदपथावर कायम राहण्याचा हक्क मान्य झालेला नाही, हे सहसा सांगितलं जात नाही.

मी तीनपट मिळकतकर भरतो. मग माझं बांधकाम अनधिकृत कसं?

तीनपट भरता म्हणूनच. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली अनधिकृत बांधकामाला नेहमीचा कर अधिक त्याच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लागू शकतो. ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. पावती म्हणजे परवानगी नव्हे.

गुंठेवारीतलं घर नियमित होतं का?

गुंठेवारी म्हणजे जमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकणं. तिच्यासाठीचा २००१ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली. पण आरक्षण, पूररेषा किंवा टेकडीच्या उतारावरची जागा असेल तर आशा धरू नका. घेताना प्रश्न एवढाच विचारा: सातबाऱ्यावर माझं नाव स्वतंत्र लागणार की वीस जणांबरोबर सामाईक?

नदीकाठचा फ्लॅट स्वस्त मिळतोय. घेऊ?

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये इमारतीला मनाई. निळ्या-लालच्या मध्ये अटींवर, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घेऊन. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्याला एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरलं. तिथले लोक रेषांचे रंग चांगले ओळखतात. मंजूर नकाशावर रेषा दाखवलेली असते, ती स्वतः पाहा.

आमच्यासमोरच्या बागेच्या आरक्षणावर दुसरंच काही उभं राहतंय. आम्ही तर मालक नाही. आम्हाला विचारायचा अधिकार आहे का?

आहे. १९९१ मध्ये बंगळुरूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणं रद्द केलं, आणि शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे हेही सांगितलं. आरक्षण बदलायचं तर कलम ३७ खाली जाहीर सूचना, हरकतींसाठी महिना आणि सरकारची मंजुरी लागते. परस्पर होत नाही.

पहिलं काम, फाइल बघा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. त्याहून सोपी वाट पूर्वी सोमवारी दुपारी तीन ते पाच अशी होती. या वेळात अर्जाशिवाय फायली पाहू देण्याची प्रथा पुणे महापालिकेनं पाडली आणि २०१८ च्या परिपत्रकाने राज्यभर नेली. माहिती अधिकारात पुणेकरांनी केलेलं हे खरं काम, आणि तरी सोमवारी तिथं गर्दी नसायची. ही सोय आज सुरू आहे का, ते आधी विचारून जा. टिपणी पानांची सही-तारीख पाहा. निर्णय आधी आणि शिफारस नंतर अशा तारखा सापडल्या तर प्रकरण अर्धं जिंकलात.

पर्यावरणाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

पथारी उचलून नेली. परवाना नव्हता.

२०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही. अनुच्छेद १९ मधल्या व्यवसायाच्या हक्कात रस्त्यावर विकणंही येतं, पण नियमनाखाली. जप्त मालाची यादी जागेवर मागा. नाशवंत माल असेल तर तो मिळायची घाई करा, तत्त्व नंतर.

नगरसेवकाकडे जाऊन उपयोग आहे का?

आरक्षण बदलाचा ठराव सर्वसाधारण सभेत होतो, म्हणून आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं इथं प्रशासक होता, तोच सभा आणि तोच स्थायी समिती. तेव्हा कळलं की सभेत निदान कुणी ओरडायचं तरी. घटना म्हणते मुदत पाच वर्षं आणि निवडणूक ती संपायच्या आत.

उच्च न्यायालयात जायचं तर?

परवानगी नाकारली असेल तर आधी कलम ४७ खाली चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. ते सोडून थेट गेलात तर बहुधा परत पाठवतील. एमआरटीपीखालच्या आदेशांना दिवाणी कोर्टात आव्हान देण्यावर कलम १४९ चा अडसर आहे, तेव्हा शिवाजीनगरला दावा लावून स्थगिती मिळेल असं धरून चालू नका. अनुच्छेद २२६ खालची रिट मुंबईतच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात सातारा-सांगली आहे, पुणे नाही. त्यामुळे पहाटेची रेल्वे चुकत नाही.

आवक खिडकीवर पोच द्यायला नकार देतात. मग?

वाद घालू नका. त्याच दिवशी पोस्टात जा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा रजिस्ट्रेशन आणि पोच असं दोन्ही स्पष्ट सांगून घ्या. पावतीवर पत्ता पूर्ण छापला आहे का पाहा. 'महापालिका, पुणे' एवढंच नको, विभागाचं नाव हवं. पावतीची लगेच झेरॉक्स काढा, कारण तिच्यावरची शाई दोन पावसाळ्यांत उडते. काकांच्या २०१४ च्या पोचपावतीवर आता काहीच वाचता येत नाही. यावेळची मी स्वतः काढणार आहे, आणि ट्रंकेची किल्ली मागच्याच महिन्यात चुलतभावाकडून आणून ठेवली आहे.